स्टॉक कार रेसिंग खरा खेळ आहे का, हे शर्यत पाहून कसे ठरवावे

अमेरिकेत नॅसकारच्या, म्हणजे नेहमीच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या ‘स्टॉक कार’ गाड्यांच्या शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या, शर्यतींचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणते, “गाडी चालवणे हा काय खेळ झाला? डावीकडे वळायचे, सरळ जायचे आणि पुन्हा डावीकडे वळायचे.” त्यावर समर्थक खेळाची एक व्याख्या पुढे करतो, विरोधक दुसरी काढतो आणि वाद होता तिथेच राहतो. त्या वादात आणखी एका व्याख्येची भर घालण्याचा या लेखाचा उद्देश नाही. दोन-तीन शर्यती नीट पाहून आणि त्यांत काय पाहायचे हे आधी ठरवून या प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्याला कसे काढता येईल, एवढेच येथे सांगायचे आहे. मला स्वतःला मत आहे आणि ते ओघात येईलच. पण ते पारखून घेण्याची साधने वाचकाच्या हाती असावीत, हे अधिक महत्त्वाचे.

आधी आक्षेप सुटे करावेत

वर दिलेल्या एका वाक्यात सहसा तीन वेगळे आक्षेप दडलेले असतात. पहिला असा की चालक बसूनच असतो, त्याच्या शरीराला कष्ट पडत नाहीत. दुसरा असा की जिंकते ती गाडी, माणूस नव्हे. तिसरा असा की निकाल खऱ्या अर्थाने ट्रॅकवर लागतच नाही. पिवळे झेंडे (शर्यत मंदावण्याची खूण) आणि गुणपद्धती यांच्या आधारे आयोजक तो रंगवून घेतात, म्हणून हा खेळ नसून तमाशा आहे. हे तिन्ही आक्षेप एका दमात घेतले जातात, त्यामुळे एकाचे उत्तर दिले की बोलणारा दुसऱ्यावर जातो. म्हणून समोरच्याचा नेमका आक्षेप कोणता, हे आधी त्याच्याकडून वदवून घ्यावे. माझ्या मते यांतला पहिला लंगडा आहे, दुसरा रंजक आहे आणि तिसरा वजनदार आहे; पाहणीचा वेळही त्याच हिशेबाने वाटावा.

काही पुरावे मात्र दोन्ही बाजूंनी सुरुवातीलाच बाद करावेत. ऑलिंपिकचा दाखला हा त्यांपैकी एक. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मोटरबोटींच्या शर्यती झाल्या होत्या. पुढे बराच काळ ऑलिंपिक सनदेत यंत्राच्या जोरावर चालणाऱ्या स्पर्धांना मज्जाव होता. आणि आज आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता असलेल्या संघटनांत मोटर शर्यतींची जागतिक संघटना एफआयए आहे, तशाच बुद्धिबळाच्या आणि ब्रिजच्या संघटनाही आहेत. समितीचे मत बदलत गेले, पण त्यामुळे गाडी हाकायला काय लागते ते बदलले नाही.

धोका हाही पुरावा नव्हे, आणि या बाबतीत नॅसकारचे चाहतेच अधिक चुकतात. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५०० या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत चालक डेल अर्नहार्ट यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी डोके आणि मान जखडून ठेवणारे उपकरण सक्तीचे झाले, पुढील काळात ट्रॅकच्या भिंतींना धक्का शोषून घेणारे पोलादी कठडे लागले, आणि त्यानंतर नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेच्या शर्यतीत एकाही चालकाचा बळी गेलेला नाही. जीव धोक्यात घालणे हीच खेळाची खूण मानली, तर २००१ नंतर हा खेळ कमी खेळ झाला असे म्हणावे लागेल. तसे कोणीच म्हणणार नाही.

कोणती शर्यत निवडावी

नवखा प्रेक्षक सहसा फेब्रुवारीतल्या डेटोना ५०० पासून सुरुवात करतो, कारण ती सर्वांत प्रसिद्ध आहे. पारख करण्यासाठी मात्र ती चुकीची शर्यत आहे. का, ते पुढे येईल. पहिली शर्यत व्हर्जिनियातल्या मार्टिन्सव्हिलची घ्यावी. हा ट्रॅक केवळ ०.५२६ मैलांचा, म्हणजे साधारण साडेआठशे मीटरचा आहे. लांब सरळ पट्टे आणि दोन्ही टोकांना अगदी अरुंद वळणे, अशी त्याची घडण आहे. वळणांचा आतल्या बाजूचा उतार १२ अंश, म्हणजे या शर्यतींच्या मानाने जवळजवळ सपाटच. त्यामुळे प्रत्येक फेरीत दोनदा जोरात ब्रेक दाबावा लागतो. शरद ऋतूतली शर्यत ५०० फेऱ्यांची असते, म्हणजे तोच ब्रेक हजार वेळा, आणि प्रत्येक वेळी पुढे, मागे आणि बाजूला दुसऱ्या गाड्या. अंधारू लागले की चाकांच्या आत ब्रेकच्या तबकड्या लाल होताना दिसतात. ब्रेक लवकर तापवून बसणारा चालक कोण आणि तीनशेव्या फेरीनंतरही ते राखून असणारा कोण, हा फरक येथे नवख्यालाही कळतो.

दुसरी शर्यत साउथ कॅरोलायनातल्या डार्लिंग्टनची. १९५० पासून येथे शर्यती होतात. ट्रॅक १.३६६ मैलांचा आणि अंड्याच्या आकाराचा आहे. जमिनीच्या मूळ मालकाला आपले छोट्या माशांचे तळे वाचवायचे होते, म्हणून एक टोक आवळून घ्यावे लागले, असे सांगतात. परिणाम असा झाला की दोन टोकांची वळणे सारखी नाहीत आणि एका टोकाला जमणारी गाडी दुसऱ्या टोकाला कुरकुर करते. डांबर खरखरीत असल्याने टायर झपाट्याने झिजतात. सर्वांत वेगवान मार्ग बाहेरच्या भिंतीला लागून जातो, त्यामुळे शर्यत संपेपर्यंत बऱ्याच गाड्यांच्या उजव्या अंगावर भिंतीचा ओरखडा उठलेला असतो. ‘नुसते डावीकडे वळायचे’ या वाक्याची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा नाही. ज्यांना तरीही डावे-उजवे हवे असेल त्यांनी सोनोमा किंवा वॅटकिन्स ग्लेन येथील रस्त्यासारख्या वळणांच्या ट्रॅकवरची शर्यत पाहावी. त्यावर वेगळे सांगण्याची गरज नाही.

डोळा आणि कान कुठे ठेवावा

पुढे असलेल्या गाडीकडे पाहू नये. आघाडीवरच्या गाडीला स्वच्छ, म्हणजे दुसऱ्या गाडीने न घुसळलेली, हवा मिळते, तिचे काम त्या मानाने सोपे असते. दहाव्या ते विसाव्या क्रमांकाच्या दरम्यानची एक गाडी निवडावी आणि हिरवा झेंडा पडल्यापासून पुढच्या चाळीस-पन्नास फेऱ्या तिलाच धरून राहावे. या मालिकेत एक सोय अशी आहे की संघांचे रेडिओ संभाषण प्रेक्षकांना ऐकता येते; ट्रॅकवर स्कॅनर घेऊन आणि घरी बसून अॅपवर. गाडीतल्या कॅमेऱ्याचे चित्रही अनेकदा उपलब्ध असते. ही दोन्ही साधने वापरली नाहीत, तर पाहणी अर्धीच होते.

रेडिओवर दोन शब्द सतत कानी पडतील: ‘टाइट’ आणि ‘लूज’. स्टिअरिंग वळवूनही गाडीचे नाक वळायला तयार नसेल आणि ती भिंतीकडे सरकत असेल, तर ती टाइट. नाक वळते पण मागचे अंग घसरून बाहेर जाऊ पाहते, तर ती लूज. चालक नुसते ‘टाइट आहे’ म्हणून थांबत नाही. वळणात शिरताना कशी आहे, मध्यावर कशी आहे, बाहेर पडताना कशी आहे, नव्या टायरवर कशी होती आणि वीस फेऱ्यांनंतर कशी झाली, हे तो ताशी पावणेदोनशे मैलांच्या वेगात, बाजूला दुसरी गाडी असताना सांगतो. त्या वर्णनावरून क्रू चीफ, म्हणजे संघाचा तांत्रिक प्रमुख, पुढच्या थांब्याला टायरमधील हवा किती कमी-जास्त करायची आणि स्प्रिंगवरचा भार कोणत्या कोपऱ्यावर वाढवायचा, हे ठरवतो. चालकाने चुकीचे सांगितले तर दुरुस्तीही चुकीची होते आणि पुढची पन्नास फेऱ्या तो तीच भोगतो. उंचावर बसलेला स्पॉटर त्याच वेळी आजूबाजूला कोण आहे ते सांगत असतो, कारण जखडलेल्या मानेने चालकाला बाजूचे फारसे दिसत नाही.

आता डार्लिंग्टनच्या एका लांब टप्प्यात हात पाहावेत. बहुतेक अंडाकृती ट्रॅकवर इंजिन साडेसहाशेहून अधिक अश्वशक्तीचे आणि टायरची पकड दर फेरीला कमी होत जाणारी, असा हा व्यवहार आहे. नव्या टायरवरच्या पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत हात जवळजवळ स्थिर असतात. पंधराव्या फेरीच्या सुमारास वळणातून बाहेर पडताना ते हलू लागतात: थोडे डावीकडे, लगेच उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मागची चाके फिरत्या फिरत्या घसरत असतात आणि चालक अॅक्सिलरेटर केसभर मागेपुढे करून त्यांना आवरत असतो. ज्याने सुरुवातीच्या फेऱ्यांत मोह आवरून पाय हलका ठेवला, तो तिसाव्या फेरीनंतर एकेकाला मागे टाकू लागतो. हे डोळ्यांना पुरेसे दिसत नसेल, तर एक सोपा उपाय आहे. दोन चालक निवडावेत आणि दर पाचव्या फेरीला दोघांच्या वेळा कागदावर मांडाव्यात. थेट प्रक्षेपणासोबत या वेळा मिळतात. दोघांच्या वेळा घसरतातच, पण सारख्या घसरत नाहीत. एकाची उतरण हळूहळू जाते, दुसऱ्याची दहा-बारा फेऱ्यांनी एकदम कोसळते. त्या दोन आकड्यांच्या ओळींमधले अंतर म्हणजेच या खेळातले कसब. माझ्या दृष्टीने सगळ्या चर्चेतला हा सर्वांत भक्कम पुरावा आहे, आणि तो दूरदर्शनवर फारसा कोणी दाखवत नाही.

शरीराचा प्रश्न

हा भाग लवकर आटोपता येतो. अमेरिकन फुटबॉलपटू गोल्डन टेट यांनी २०११ मध्ये आणि डोनोव्हन मॅकनॅब यांनी २०१३ मध्ये नॅसकार चालक जिमी जॉन्सन हे खेळाडू म्हणवून घेण्यास पात्र नाहीत, अशा अर्थाची विधाने केली, तेव्हा बराच गदारोळ झाला. त्याआधी २००९ मध्ये असोसिएटेड प्रेसने याच जॉन्सन यांना वर्षातील सर्वोत्तम पुरुष खेळाडू ठरवले होते, आणि हा मान मिळवणारे ते पहिले रेसिंग चालक होते. गाडीच्या आतले तापमान पन्नास अंश सेल्सिअसच्या वर जाते, अंगावर अग्निरोधक कपड्यांचे थर असतात, वेगवान वळणांत शरीरावर स्वतःच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट दाब येतो आणि शर्यत तीन-चार तास चालते. शार्लटची कोकाकोला ६०० तर ६०० मैलांची, म्हणजे सुमारे ९६५ किलोमीटरची असते. खेळाडू बदलण्यासाठी बाकावर कोणी बसलेला नसतो.

परंतु समर्थकांनी येथे फार जोर लावू नये. घाम हाच पुरावा मानला, तर ओतकामाच्या भट्टीसमोर उभा असलेला कामगार अधिक मोठा खेळाडू ठरेल. महत्त्वाचे एवढेच की त्या उकाड्यात आणि थकव्यात चौथ्या तासालाही हातापायांची बारीक हालचाल पहिल्या तासाइतकीच अचूक ठेवावी लागते, आणि ती ढासळली की फेरीच्या वेळेत लगेच दिसते. वर सांगितलेला कागद शेवटच्या शंभर फेऱ्यांतही चालू ठेवला, तर शारीरिक तयारीविषयी वेगळा युक्तिवाद करावा लागत नाही.

शरीराचा प्रश्न विचारणाऱ्याला पिटमधले, म्हणजे शर्यतीत टायर-इंधनासाठी गाडी थांबते त्या जागेतले, पाच जण मात्र अवश्य दाखवावेत. जॅकवाला, दोन टायर बदलणारे, एक टायर वाहणारा आणि इंधन भरणारा भिंतीवरून उड्या मारून धावतात, चारही टायर बदलतात आणि सगळे मिळून साधारण दहा सेकंदांत, कधी त्याहूनही कमी वेळात मोकळे होतात. भरलेला इंधनाचा डबा चाळीस किलोच्या आसपास असतो. मोठे संघ या कामासाठी महाविद्यालयीन फुटबॉल आणि इतर खेळ गाजवलेली मुले निवडून आणतात. पिटमध्ये गेलेला एखादा सेकंद ट्रॅकवर भरून काढायला कित्येक फेऱ्या लागतात, काही वेळा तो भरून निघतच नाही.

गाडी जिंकते की माणूस

हा प्रश्न वाटतो तितका मूर्खपणाचा नाही. चांगल्या संघाची गाडी चांगली असते आणि पैसा असलेल्या संघाला चांगली गाडी मिळते, हे कोणी नाकारत नाही. तपासण्याची रीत अशी: एकाच संघाचे दोन किंवा चार चालक घ्यावेत आणि पूर्ण हंगामभर त्यांची तुलना करावी. एका शर्यतीवरून काही ठरवू नये. सामग्री एकाच कारखान्यातली, अभियंते तेच, तरीही वर्षाच्या शेवटी एक जण वर आणि एक जण बराच खाली असतो. २०२२ मध्ये आलेल्या नव्या गाडीमुळे ही तुलना आणखी सोपी झाली, कारण तिचे बरेचसे भाग सर्व संघांना ठरावीक पुरवठादारांकडूनच घ्यावे लागतात. बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटारींशी या गाडीचे नाते आता फक्त दर्शनी अंगापुरते उरले आहे.

याहून स्पष्ट उदाहरण २ जुलै २०२३ चे आहे. शिकागोच्या रस्त्यांवर नॅसकारने पहिल्यांदाच शर्यत घेतली आणि ती जिंकली न्यूझीलंडच्या शेन व्हॅन गिसबर्गन याने, जो सर्वोच्च मालिकेत आयुष्यात पहिल्यांदाच उतरला होता. १९६३ मध्ये जॉनी रदरफोर्ड यांनी पदार्पणात विजय मिळवल्यानंतर असे कोणाला जमले नव्हते. व्हॅन गिसबर्गनचे शिक्षण ऑस्ट्रेलियातील सुपरकार्स मालिकेत, रस्त्यासारख्या वळणांवर झालेले होते. पुढे २०२५ मध्ये पूर्ण हंगाम खेळताना त्याने अशा ट्रॅकवर पाच शर्यती जिंकल्या. अंडाकृती ट्रॅकवर मात्र तो बहुतेक वेळा मधल्या गर्दीत किंवा त्याच्याही मागे राहिला. संघ तोच, माणूस तोच. ट्रॅकला लागणारे कसब बदलले की निकाल बदलला. गाडीच जिंकत असती, तर हे असे होण्याचे कारण नव्हते. शिवाय या उदाहरणात ‘नुसत्या डाव्या वळणां’चेही उत्तर आहे, कारण ज्याला डावे-उजवे सहज जमत होते त्यालाच नुसते डावे जड गेले.

डेटोना आणि टॅलडेगा शेवटी का पाहावे

आता त्या प्रसिद्ध शर्यतीकडे वळू. डेटोनाचा ट्रॅक अडीच मैलांचा आणि वळणांचा उतार ३१ अंशांचा, टॅलडेगाचा २.६६ मैलांचा आणि उतार ३३ अंशांचा. १९८७ मध्ये टॅलडेगाला पात्रता फेरीत बिल एलियट यांनी ताशी २१२.८०९ मैलांचा वेग गाठला आणि त्याच शर्यतीत बॉबी ॲलिसन यांची गाडी उडून प्रेक्षकांसमोरच्या कुंपणावर आदळली. तेव्हापासून या दोन ट्रॅकवर इंजिनाला मिळणारी हवा नियमाने रोखली जाते. वेग सर्वांचा सारखा होतो, अॅक्सिलरेटरवरून पाय काढावा लागत नाही आणि गाड्या थव्याने धावतात. पुढच्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो. त्या पोकळीत नाक खुपसून धावणाऱ्या गाडीला कमी विरोध होतो आणि पुढचीलाही थोडा फायदा मिळतो, म्हणून दोन गाड्या मिळून एकटीपेक्षा वेगाने जातात. एकट्याने पुढे निघू पाहणारा मागे पडतो. थव्यात एकाने चूक केली की पंधरा-वीस गाड्या एकाच वेळी बाद होतात, मग त्यांतले चालक कितीही मोठे असोत.

येथे नशिबाचा वाटा मोठा आहे, हे मान्य करूनच बोलावे. २०११ ची डेटोना ५०० ट्रेव्हर बेन याने विसावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, या मालिकेतल्या आपल्या दुसऱ्याच शर्यतीत जिंकली आणि त्यानंतर या मालिकेत तो एकदाही जिंकला नाही. उलट सात वेळा मालिकेचे विजेते ठरलेल्या अर्नहार्ट यांना हीच शर्यत जिंकायला विसावा प्रयत्न, म्हणजे १९९८ साल उजाडावे लागले. तरीही सगळेच नशीब म्हणून सोडून देता येत नाही. त्याच अर्नहार्ट यांनी टॅलडेगा दहा वेळा जिंकले आणि ऑक्टोबर २००० मध्ये, त्यांच्या अखेरच्या विजयात, शेवटच्या पाचेक फेऱ्यांत अठराव्या क्रमांकावरून पहिला क्रमांक गाठला. हवेच्या ओढीचा अंदाज त्यांना इतरांपेक्षा लवकर येई. या दोन ट्रॅकवर माझा निर्णय असा की खेळ आहे, पण एका शर्यतीवरून श्रेष्ठ कोण हे ठरवण्याच्या लायकीचा नाही. म्हणूनच पारख तेथून सुरू करू नये.

आयोजकाचा हात कसा शोधावा

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो तपासताना चाहत्याने स्वतःशी प्रामाणिक राहिले पाहिजे. शर्यत पाहताना प्रत्येक पिवळा झेंडा कशासाठी पडला, याची नोंद करावी. पिवळा झेंडा पडला की सर्व गाड्या हळू होऊन एकामागे एक जमतात आणि आघाडीवरच्याने कष्टाने मिळवलेले अंतर क्षणात नाहीसे होते. अपघात झाला असेल तर झेंडा रास्तच. पण २०१७ पासून शर्यतीचे टप्पे पाडलेले असतात आणि अंडाकृती ट्रॅकवर टप्पा संपला की काहीही झालेले नसताना झेंडा पडतो. शेवटच्या फेऱ्यांत झेंडा पडला तर शर्यत ठरल्यापेक्षा लांबवली जाते. हे सगळे चुरस वाढवण्यासाठी केले जाते, यात शंका नाही.

गुणपद्धतीचेही तेच. २०१४ मध्ये आलेल्या आणि २०२५ पर्यंत चाललेल्या पद्धतीत बाद फेऱ्यांनंतर उरलेल्या चार चालकांत हंगामाच्या शेवटच्या एकाच शर्यतीवर विजेतेपद ठरत असे. २०२४ मध्ये सहा शर्यती जिंकलेला काइल लार्सन त्या चौघांतही नव्हता. पुढच्याच वर्षी फिनिक्सला, त्या शेवटच्या शर्यतीत, डेनी हॅमलिन २०८ फेऱ्या आघाडीवर होता. शेवटी शेवटी पिवळा झेंडा पडला, त्याने चार टायर घेतले, लार्सनने दोन घेतले आणि त्या शर्यतीत एकही फेरी आघाडीवर न राहिलेला लार्सन हंगामाचा विजेता ठरला. हॅमलिनची बाजू घेणाऱ्याला हे पटवणे कठीण आहे, आणि मलाही ही पद्धत वाईट वाटते. परंतु वाईट पद्धत आणि ठरवून केलेला निकाल यांत फरक आहे. तो फरक तीन प्रश्नांनी तपासता येतो: नियम आधी जाहीर होता का, तो सर्वांना सारखा लागू होता का, आणि तो मोडणाऱ्याला शिक्षा झाली का, मग तो कितीही लोकप्रिय असो.

शेवटच्या प्रश्नाचा पुरावा अगदी पहिल्या शर्यतीपासून मिळतो. १९ जून १९४९ रोजी शार्लटला या मालिकेची पहिली शर्यत झाली. सर्वांत पुढे आलेल्या ग्लेन डनवे यांच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगमध्ये, चोरटी दारू वाहणाऱ्या गाड्यांत करत तसा, फेरफार आढळला आणि विजय जिम रोपर यांना देण्यात आला. २०२२ मध्ये पोकोनोला हॅमलिन पहिला आणि काइल बुश दुसरा आला; तपासणीनंतर दोघेही बाद झाले आणि तिसरा आलेला चेस एलियट विजेता ठरला. २०१३ मध्ये रिचमंडला क्लिंट बोयर याने सहकाऱ्याच्या फायद्यासाठी मुद्दाम गाडी फिरवली, असा संशय आला. त्याच्या संघाला तीन लाख डॉलरचा दंड झाला आणि मार्टिन ट्रुएक्स ज्युनियर याला विजेतेपदाच्या शर्यतीतून काढून त्याची जागा दुसऱ्याला दिली गेली. ज्या कार्यक्रमाचा निकाल आधीच ठरलेला असतो, त्यात फसवणुकीसाठी दंड करण्याची वेळ येत नाही.

यांतले सर्वांत बोलके उदाहरण पुन्हा मार्टिन्सव्हिलचेच आहे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी शेवटच्या फेरीत रॉस चॅस्टेन दहावा होता आणि अंतिम चौघांत जाण्यासाठी त्याला आणखी दोन जागा हव्या होत्या. त्याने गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकली, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि शेवटच्या दोन वळणांत गाडी बाहेरच्या भिंतीला टेकवून, स्टिअरिंगवरचा ताबा जवळजवळ सोडून, भिंतीच्या आधाराने वळण घेतले. पाच गाड्या मागे टाकून तो अंतिम रेषेवर पाचवा आला. ती फेरी १८.८४५ सेकंदांची होती. त्या ट्रॅकवर तोवर कोणत्याही स्टॉक कारने इतक्या कमी वेळात फेरी मारली नव्हती. चित्रफीत जगभर फिरली, नॅसकारला एवढी प्रसिद्धी क्वचितच मिळाली असेल. नुसता तमाशाच करायचा असता, तर आयोजकांनी ही युक्ती जपून ठेवली असती. त्यांनी पुढचा हंगाम सुरू होण्याआधी जाहीर केले की असे पुन्हा केल्यास सुरक्षेच्या नियमाखाली दंड होईल. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, त्याच ट्रॅकवर आणि तशाच शेवटच्या फेरीत ख्रिस्तोफर बेलची गाडी भिंतीला टेकून गेली; त्याला दंड झाला आणि अंतिम चौघांतली त्याची जागा विल्यम बायरनला मिळाली. त्याच शर्यतीत मित्रांना मदत करण्यासाठी मुद्दाम मागे राहिल्याबद्दल तीन संघांवर दंड आणि गुणकपात झाली. त्यांपैकी एक गाडी चॅस्टेनची होती, हा योगायोग मला आजही मजेशीर वाटतो.

निर्णय कसा मांडावा

पाहणी झाल्यावर ‘हो’ किंवा ‘नाही’ असा एका शब्दाचा निकाल लिहू नये. प्रत्येक शर्यतीसाठी तीन आक्षेपांसमोर स्वतंत्र नोंद करावी. फेरीच्या वेळांचा कागद, संघातल्या जोडीदारांची हंगामभराची तुलना आणि पिवळ्या झेंड्यांची कारणासह यादी, एवढे असले की पुरे. मग एखाद्याने डेटोनाच्या अपघाताची चित्रफीत दाखवून ‘हा का खेळ?’ असे विचारले, तर त्या शर्यतीपुरते नशिबाचे माप मान्य करून मार्टिन्सव्हिलचा कागद पुढे करता येतो. आणि एखाद्या चाहत्याने सगळेच निर्दोष असल्याचा दावा केला, तर त्याला फिनिक्सच्या त्या शेवटच्या पिवळ्या झेंड्याविषयी विचारता येते.

माझी नोंद अशी आहे: पहिला आक्षेप टिकत नाही, दुसरा अर्धवट टिकतो पण हंगामभराच्या तुलनेत विरतो, आणि तिसऱ्यातून एवढेच सिद्ध होते की हा खेळ चालवणाऱ्यांना चुरशीचा हव्यास आहे. तो हव्यास इतर व्यावसायिक खेळांनाही आहे. फक्त तेथे कोणी त्यावरून खेळाचे खेळपण काढून घेत नाही. ज्यांना ही पाहणी स्वतः करायची आहे त्यांनी सप्टेंबरच्या सुरुवातीच्या सुमारास होणारी डार्लिंग्टनची सदर्न ५०० निवडावी, दोन चालकांची नावे कागदाच्या वर लिहावीत आणि पहिल्या लांब टप्प्यातच, शेवटच्या चुरशीची वाट न पाहता, वेळा टिपायला सुरुवात करावी.